साबणाची वडी आणि कोंडोर

पास्तो, २६ डिसेंबर

काल कीतोहून आमच्या लेकीचं, यादिराचं, नाताळचं पार्सल आलं. मला दाढीचा साबण आणि तिच्या आईला, म्हणजे देयानिराला, एक चपटी डबी. मला वाटलं, तोही साबणच असेल. उघडलं तर आत कॅमेरा. खिशात मावणारा, आणि लाल! जगात असा एकही गंभीर माणूस नाही की जो लाल कॅमेऱ्याने काम करतो.

देयानिराला इतका आनंद झाला की तिने जेवण वाढायच्या आधी भाजलेल्या गिनीपिगचा फोटो काढला. मग माझा काढला, तोंडात बटाटा असताना. यादिरा फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचा तो डीएसएलआर आता म्हातारा झाला. आईचा बघा, वीस मेगापिक्सेल आहे. तुमचा बारा." माझीच मुलगी! माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत वाढलेली! बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही, एवढं सांगून मी फोन आईकडे दिला.

म्हणून ही वही. जानेवारीतला कार्निव्हल होईपर्यंत दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी वापरायचे, जे दिसेल ते प्रामाणिकपणे लिहायचं आणि मग यादिराला चार ओळींत निकाल कळवायचा. वही कुणाला दाखवायची नाही.

आजचं निरीक्षण. माझा कॅमेरा भरीव, थंड, वजनदार. तो हातात घेतला की समोरचा माणूस आपोआप सदऱ्याचं वरचं बटण लावतो. देयानिराची ती लाल साबणाची वडी पुढे केली तर समोरचा जीभ दाखवतो. यावर अजून काय लिहायचं?

२७ डिसेंबर

सान फेलिपेच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा होता. वडीचं बटण दाबलं की ती आधी विचार करते, मग घरघरते, भिंगाची सोंड बाहेर काढते आणि मग फोटो घेते. तेवढ्यात पाद्र्याने ओतलेलं पाणी बाळाच्या डोक्यावरून ओघळून फरशीवर गेलेलं. माझ्या कॅमेऱ्यात बोट आणि फोटो यांच्यामध्ये काहीही नाही. खटॅक, आणि पाण्याची धार हवेत लटकलेली.

"तुमच्या त्या खटॅकनं पोर दचकून रडलं ना," देयानिरा म्हणाली.

"बाप्तिस्म्याला पोरं रडतातच."

"माझ्या फोटोत नाही रडत."

तिच्या फोटोत बाळ अर्धं, आजीची टोपी पूर्ण आणि मागे कुणाचा तरी कोपर. बाळाच्या आईला हसू येत होतं तो बघून. मी शिष्टपणे वेगळ्या दिशेला बघितलं.

२९ डिसेंबर

चित्ररथ बांधणाऱ्या उस्ताद सेगुंदो बोतिनांच्या अंगणात गेलो होतो. कार्निव्हलचा रथ तयार होतोय. यंदा कोंडोर आहे. टाय लावलेलं, चष्मा घातलेलं अवाढव्य गिधाड, पाठीवर नवरी बसवून नोटरीकडे लग्न नोंदवायला निघालेलं. नोटरीचं तोंड कुणासारखं आहे ते अख्ख्या गावाला कळेल, आणि नोटरीलाही. मानेची पिसं एकेक कागद खळीत बुडवून चिकटवलेली आहेत. पंख तर घराच्या छपराएवढे. एवढं सगळं सहा तारखेला एकदा रस्त्यावरून जाणार आणि सात तारखेपासून मोडायला घेणार. उरतो तो माझा फोटो. आधी फिल्मवर काढायचो, आता ह्या कॅमेऱ्यावर. उस्तादांचा प्रत्येक रथ मीच जिवंत ठेवलाय.

उस्तादांनी मला बाजूला घेतलं. ते मला कोंपाद्रे म्हणतात, म्हणजे घरचाच मित्र. सणासुदीला माणूस हळवा होतो.

"कोंपाद्रे, तीस वर्षं झाली. माझा एकही रथ मी पाहिलेला नाही."

"म्हणजे काय? हा समोर उभा आहे की."

"उभा पाहिलाय, चालताना नाही. मी रथाच्या पोटात असतो, डावी बाजू हलवायची दोरी ओढत. आमची पोर, मार्लेनी, उजवी ओढते. बाहेर काय झालं ते तुमच्या फोटोवरून कळतं." मग जरा थांबून म्हणाले, "हा शेवटचा. मार्लेनी लग्न करून इपियालेसला चालली. आता उजवी दोरी कुणाच्या हातात देऊ? ती भरवशाची जागा असते. तेव्हा यंदा एकदा तरी मला माझं जनावर चालताना बघायचंय."

"बघाल," मी म्हणालो. अगदी शब्द दिला. चांगल्या फोटोत हालचाल असतेच. ती उतरवायला हात लागतो, इतकंच.

तेवढ्यात देयानिरा माझी बाही ओढायला लागली. "अहो, यादिरा म्हणत होती, ह्या लालवाल्यात सिनेमासुद्धा निघतो."

"उस्तादांसमोर खेळणी नकोत," मी म्हटलं. सिनेमा म्हणे! माझ्या कॅमेऱ्यात सिनेमाची सोय नाही, कारण तो बनवणाऱ्यांनी गृहीत धरलंय की विकत घेणाऱ्याला फोटो काढता येतो.

मग मी उस्तादांचा फोटो काढला. दिवा हलवला, मागची शिडी काढायला लावली, त्यांना हनुवटी वर करायला सांगितलं. छान आला. चर्चमधल्या संतासारखा. देयानिरानेही एक काढला, उस्ताद वाकून दोरीची गाठ दाताने ओढतायत असा. क्षितिज तिरकं, कोपऱ्यात खळीची बादली. उस्तादांनी तिच्याकडे त्याचीच प्रत मागितली. किती सभ्य माणूस!

इतक्या वर्षांत रथांच्या स्पर्धेत त्यांना पहिला नंबर एकदाही मिळालेला नाही. चौथा, पाचवा, एकदा तिसरा. परीक्षकांना डोळे द्यायला देव विसरला असावा.

१ जानेवारी

काल जुन्या वर्षाचा पुतळा जाळला. अंधार, ज्वाळा, धूर, म्हणजे वडीची खरी परीक्षा. सपशेल नापास! काळ्या आभाळात रव्यासारखे दाणे, ज्वाळेच्या जागी पिवळा डाग. माझ्या फोटोत पुतळ्याच्या मिशीतून निघालेली ठिणगी मोजता येते. उथळ पाण्याला खळखळाट फार, मेगापिक्सेलचंही तसंच.

तिच्या एका फोटोत मी आहे. जुन्या वर्षाच्या विधवा बनून फिरणाऱ्या बाप्यांनी मला नाचायला ओढलं होतं, तेव्हाचा. तोंड उघडं, टोपी तिरकी, मी कुणाच्या तरी गळ्यात पडून हसतोय. मी इतका हसतो हे मला माहीत नव्हतं. पुसून टाका म्हटलं.

"नाही पुसणार. घरात तुमचा दुसरा आहे तरी कुठे?"

हे मात्र खरं. पण फोटोग्राफरचा फोटो नसतोच. त्याची जागा मागे असते.

३ जानेवारी

देयानिराने विचारलं, सहा तारखेला मी तुमच्या खोक्यावर उभी राहू का, थोडाच वेळ, कोंडोर येईल तेव्हा? मी तिला समजावलं. ते दोन खोके मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर पहाटे नेऊन ठेवतो. ती जागा गावाला माहीत आहे. तिथे बाईमाणूस लाल डबी घेऊन उभी राहिली तर लोक म्हणतील, इन्सुआस्ती फोटोवाल्याने दुकान बंद केलं वाटतं. दुपारभर ती वडीशी खुडबुडत होती आणि मांजराला अंगणात इकडून तिकडे पळवत होती. साठीला टेकलेली बाई!

५ जानेवारी

कार्निव्हलमधला काळ्यांचा दिवस. गाव काळ्या रंगाने माखलेलं. मी कॅमेरा बाहेर काढला नाही. काळ्या बोटांनी त्याला हात लावणं म्हणजे अपमान आहे. देयानिराने वडी बिनदिक्कत नेली. लालवर तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटलाय. खुशाल फिरते गळ्यात अडकवून. संध्याकाळी ती बाया घेऊन आली, सगळ्या काळ्याकुट्ट, दात तेवढे पांढरे, आणि एकमेकींचे फोटो बघून खिंकाळत होत्या. मी ग्वानाबाना फळाचा गरम काढा त्यात दारू घालून प्यालो आणि झोपलो.

६ जानेवारी

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आज निघाला. हे लिहून ठेवतो, कारण तोंडाने बोललो तर फुशारकी वाटेल.

पहाटेच खोके मांडले. कॅमेऱ्याला प्लास्टिकचा झगा घातला; तो मी स्वतः शिवलेला आहे, फक्त भिंगाला वाट ठेवून. पांढऱ्यांचा दिवस म्हणजे पावडरीचं वादळच. नऊ वाजेपर्यंत मी कणकेच्या गोळ्यासारखा दिसत होतो. देयानिरा खाली कठड्याशी, पाठीवर माझी पिशवी, हातात थर्मास आणि ती वडी. दरवर्षी तिथेच असते.

माझी पद्धत लिहून ठेवतो, कुणी नवशिका शिकेल. चित्ररथ समोर येतो तेव्हा गडबडून बटण दाबायचं नसतं. डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावून धरायचा आणि वाट बघायची. पंख खाली, पंख वर, पुन्हा खाली. अशी एक वेळ येते की दोन्ही पंख वर एका रेषेत येतात आणि क्षणभर थबकतात. खटॅक. तो क्षण सापडायला जन्म जातो. वडीवाल्यांना हे कळायचं नाही. वडी बंदुकीसारखी झाडत सुटतात.

कोंडोर वळणावरून आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. डोकं विजेच्या तारांना लागावं एवढा उंच. नवरीचा पदर वाऱ्यावर उडालेला, नोटरी घाबरून कागद फडकावतोय, खाली हजारो हात. मी वाट पाहिली. दोन्ही पंख वर आले, एका रेषेत. त्याच क्षणी कुणीतरी पावडर उधळली आणि ढग नेमका पंखांखालून गेला. जणू तो ढगावर तरंगतोय. खटॅक. उस्तादांना चालताना बघायचं होतं, मी त्यांना उडताना दिला!

आणि वडी? ऐका. कोंडोर गेल्यावर एका बाईने "विवान लोस ब्लांकोस!" असा पांढऱ्यांचा जयजयकार करत मूठभर पावडर देयानिराच्या तोंडावर मारली. वडीची सोंड बाहेर होती. घर्र, घर्र, आणि अडकली. ना आत जाते, ना बाहेर. मेली. एका मुठीत मेली! माझा पुसून ठेवलाय, उद्या पुन्हा कामाला तयार.

निकाल लागला. देयानिरा अजून तिची सोंड फुंकून बघतेय. वाईट वाटलं, पण खेळण्याला खेळण्याचंच मरण येणार.

रात्री स्पर्धेचाही निकाल कळला. उस्ताद चौथे. परीक्षकांवर मी काही लिहीत नाही. शाई वाया जाते.

७ जानेवारी

मोठी प्रत काढून उस्तादांकडे नेली. अंगणात कोंडोरचं मुंडकं आधीच खाली काढलेलं होतं; चष्मा भिंतीला टेकवलेला. पंख उपसून ठेवलेले.

त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघितला. "कोंपाद्रे, सगळ्यात सुंदर. इतक्या वर्षांतला सगळ्यात सुंदर."

मी म्हटलं, "बघितलंत ना चालताना?"

ते हसले. "सुंदर आहे हो. पण उभाच आहे."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? माणसाच्या पदरात आभाळ घाला, तो म्हणेल चंद्र कुठाय. घरी आलो आणि देयानिराला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने हात पुसले आणि म्हणाली, "वडी मेलीय, तिच्या आतलं कार्ड नाही मेलं." मी लक्ष दिलं नाही.

८ जानेवारी

दुपारी देयानिराने उस्तादांना आणि मार्लेनीला दुकानात बोलावून आणलं. मला न विचारता. माझ्याच संगणकात कार्ड घातलं.

सिनेमा होता. हलत होता, तिरका होता, कडेला माझा पावडरीने माखलेला कोपर अर्धा वेळ मध्ये येत होता. मी तसं म्हणालोसुद्धा. कुणी ऐकलं नाही.

कोंडोर वळणावरून आला. उस्ताद खुर्चीतून उठले. पडद्याला बोट लावलं, लहान मुलं लावतात तसं. "चालतोय," म्हणाले. "मार्लेनी, बघ, चालतोय तो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

मग पंख हलले. उजवा वर गेला, वर पोचला, थांबला. मग डावा निघाला. कोटाची दुसरी बाही सापडत नसलेल्या माणसासारखा डावा चाचपडत वर आला. तो पोचेपर्यंत उजवा खाली यायला लागलेला. पुन्हा तसंच. लोक हसत होते. नोटरीला हसतायत असं मला तेव्हा वाटलं होतं.

"पुन्हा लावा," उस्ताद म्हणाले.

पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"डावा उशिरा येतो," ते म्हणाले. "माझी दोरी ड्रायव्हरच्या केबिनला वळसा घालून जाते. तिथे ढिली पडते." मग अदबीने देयानिराकडे वळले. "दोन्या देयानिरा, हे यंदाच झालं?"

देयानिराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे यंदाच, असं सांगा.

"दरवर्षी, उस्ताद," ती म्हणाली. "मोर होता तेव्हाही. देवदूत होता तेव्हाही. डावीकडचं जे काही असेल ते मागाहून यायचं. मला वाटायचं, तुम्हाला तसंच हवं असेल. मी कोण सांगणारी? मी पिशवी धरून उभी असते."

"आणि कोंपाद्रे, तुम्ही?"

मी खरं ते सांगितलं. दोन्ही पंख एका रेषेत यायची मी वाट बघत असतो. ते आले की बटण. ते नसतात तेव्हा मला ते दिसत नाहीत, म्हणजे मी बघतच नाही.

उस्तादांनी टोपी हातात घेतली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या फोटोंत दोन्ही पंख कायम बरोबर असायचे, कोंपाद्रे. ते फोटो समोर ठेवून मी पुढच्या वर्षीचा रथ बांधायचो."

टोपी घातली आणि गेले. मार्लेनी जाताना मला म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, दॉन आर्सेनियो. फोटो छानच आहेत." हे तर सगळ्यात वाईट.

९ जानेवारी

दुकान उघडलं नाही. जुने सगळे फोटो काढून टेबलावर मांडले. मोर, देवदूत, दोन डोक्यांचा ड्रॅगन, समुद्रातली बाई. सगळीकडे डावं-उजवं एका रेषेत. एकसुद्धा चुकलेला नाही. कौशल्य बघा! त्या माणसाला मी दरवर्षी एक सुंदर थाप देत आलो आणि तो ती भिंतीला लावत आला.

परीक्षकांना डोळे होते. हे लिहायला आवडत नाही, पण होते.

लाज वाटते. कॅमेरा कपाटात ठेवलाय. त्याचा काय दोष? त्याने दाखवलं असतं, मी बटण दाबलं असतं तर. यादिराला अजून निकाल कळवलेला नाही. काय कळवू? वडीचे रंग भडक, क्षितिज वाकडं, अंधारात कुचकामी, पावडरीला घाबरट. सगळं खरं. आणि तिने जे पाहिलं ते मी जन्मात पाहिलं नाही.

देयानिरा जेवायला हाक मारते आहे. तिसऱ्यांदा.

११ जानेवारी

उस्ताद आले. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. बगलेत कागदाची गुंडाळी. स्वयंपाकघरात टेबलावर पसरली. पुढच्या वर्षीचा चित्ररथ.

"शेवटचा म्हणाला होतात ना?" मी दारातून विचारलं.

"डावा पंख चुकीचा आहे हे कळल्यावर शेवटचा कसा होईल, कोंपाद्रे?" आणि तिला म्हणाले, "केबिन पुढे सरकवतोय, दोरी सरळ येईल. पण आत बसून मला कळणार नाही. ऑगस्टपासून तुम्ही अंगणात यायचं. प्रत्येक वेळी हलवलं की काढायचं आणि मला दाखवायचं. जे दिसेल ते तोंडावर सांगायचं. भीड धरायची नाही."

"भीड नाही धरणार," देयानिरा म्हणाली. "पण वडी बिघडलीय. दुरुस्त होईल म्हणतात." मग माझ्याकडे न बघता, "आणि उभ्या रथाचा फोटोही लागेलच. तो मोठ्यातून चांगला येतो. तुम्ही द्याल का मला मोठा?"

इतकी वर्षं तो पिशवीतून वाहिला तिने. खांद्यावर घट्टा आहे. हातात कधी दिला नव्हता. मी कपाटातून काढला आणि पट्टा तिच्या गळ्यात घातला. तिने खिडकीला डोळा लावला, उस्तादांवर रोखला. उस्तादांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"राहू द्या ते बटण," ती म्हणाली. "बोला तुम्ही, काय बोलत होतात ते."

खटॅक.

मी जायला वळलो. मला तिथे काही काम नव्हतं.

"कोंपाद्रे," उस्ताद म्हणाले, "उजवी दोरी रिकामी आहे."

"मी फोटोग्राफर आहे."

"ते बघतोय मी. फोटोग्राफर इथे उभ्या आहेत." ते मिशीत हसत होते, पण डोळे हसत नव्हते. ते विचारत होते. "ताकद फार लागत नाही. मी हाक मारली की त्याच क्षणी ओढायची. क्षण पकडायला तुमच्याइतकं चांगलं कोण? फक्त एक सांगून ठेवतो. आतून काहीही दिसत नाही."

"मला बाहेरूनही दिसत नव्हतं," मी म्हणालो. "दोरी दाखवा."